सहावं ठिकाण

दुपारचे चार वाजायला दोन मिनिटं कमी असली की बाबांच्या खोलीतला लॅपटॉप आपोआप जागा होतो. आधी त्याचा पंखा घरघरतो, मग पडदा उजळतो, आणि बरोब्बर चारला माझ्या फोनवर बाबांच्या नावाने मेल येतो. बाबांना जाऊन सात महिने झाले. पंख्याची घरघर ऐकू आली की आई चहाचं आधण ठेवते आणि म्हणते, "चार वाजले. उठले हे."

पहिल्यांदा तिने असं म्हटलं तेव्हा मी तिच्यावर ओरडले होते. "आई, ते मशीन आहे. बाबांनी वेळ लावून ठेवलीय त्यात." ती म्हणाली, "मला कळतं गं. मी काय खुळी आहे का?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मी नाद सोडला. खरं सांगायचं तर चारच्या त्या मेलने माझंही काम बिघडतं. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. हातात मेणाचा साचा असला आणि तेव्हाच फोनवर 'बाबा' अशी अक्षरं उमटली, की तो दात वाकडाच बसतो.

मेल साधाच असतो. वर 'आजचा बेत', आणि खाली कोणत्या ठिकाणाहून कोणता तारा किती वाजता बघायचा त्याचा तक्ता.

बाबा सर्व्हेअर होते. दिवसभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजायचे आणि संध्याकाळी ज्याला हद्द नाही ते बघायला बसायचे. काही तारे एकसारखे तेवत नाहीत, आठवड्यात नाहीतर महिन्यांत उजळतात आणि मंदावतात. त्यांची नोंद ठेवायचं बाबांचं एक छोटंसं मंडळ होतं. एकट्याची नोंद म्हणजे एकट्याची साक्ष, म्हणून एक तारा एकाच वेळी निदान दोन ठिकाणांहून बघायचा, हा बाबांचा दंडक. मास्तर शाळेच्या गच्चीवरून बघत, बेकरीवाला भट्टीमागच्या मोकळ्या जागेतून, जनावरांच्या डॉक्टरीणबाई धरणाच्या भिंतीवरून आणि बाबा आमच्या गच्चीवरून. पाचवं ठिकाण टेकडीवरचं, तिथे महिन्यातून एकदा सगळे जमत.

प्रत्येक ठिकाणी आकाश वेगळं कापलेलं असतं. शाळेच्या पूर्वेला पाण्याची टाकी आहे, बेकरीच्या दक्षिणेला धुराडं आहे. बाबांनी एकेका ठिकाणी उभं राहून, होकायंत्र धरून, दर दहा अंशांवर काय आडवं येतं आणि किती उंचीपर्यंत येतं ते मोजलं होतं आणि त्याची एकेक फाइल केली होती. प्रोग्राम त्या फाइली बघून सांगायचा की मास्तरांनी साडेसातच्या आत उरकावं, बेकरीवाल्याने नऊपर्यंत थांबावं.

हा प्रोग्राम म्हातारा झाला होता. लॅपटॉपची बिजागरी तुटलेली, पडदा विटेला टेकवून ठेवलेला. गेल्या महिन्यात बेकरीवाला मास्तरांना घेऊन घरी आला, विटेकडे बघितलं आणि म्हणाला, "आता पुरे. हा ज्या दिवशी बसेल त्या दिवशी आपण आंधळे होऊ. नवीन सॉफ्टवेअर घेऊया."

मास्तर म्हणाले, "निवड हिने करावी. आता त्यांच्या जागी हीच आहे." रविवारी बैठकीत सांगायचं ठरलं.

मी मान हलवली. त्यांच्या जागी म्हणजे काय, हे मास्तरांना माहीत नव्हतं असं नाही. बाबा जाईपर्यंत अडीच वर्षं मी या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

झालं होतं ते एवढंच. बाबांनी खटपट करून मला मोजणीच्या ऑफिसात चिकटवलं होतं. आठ महिन्यांनी मी त्यांना न सांगता राजीनामा दिला. त्यांना ते साहेबांकडून कळलं. त्या संध्याकाळी टेकडीवर, सगळ्या मंडळासमोर, ते दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाले, "मोजायला धीर लागतो. तो हिच्यात नाही." मी म्हणाले, "तर मग मला मोजू नका." आणि चार दिवसांत बॅग भरून गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. आई यायची डबा घेऊन. तिला मी शपथ घातली होती की बाबांना काही सांगायचं नाही. ते एकदाही आले नाहीत, एकदाही फोन केला नाही. मीही केला नाही. दोघंही एकाच मातीचे. मग एका दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले आणि 'मला मोजू नका' हे माझं त्यांच्याशी शेवटचं वाक्य ठरलं. ते माझ्यावर रागावलेलेच गेले का, हा प्रश्न सात महिने माझ्या उशाशी बसून होता. विचारायचं कोणाला? आईला विचारलं तर ती म्हणायची, "ते काही बोलायचेच नाहीत तुझ्याबद्दल." याचा अर्थ दोन्हीकडून लागतो.

तर सॉफ्टवेअर. मी तीन उतरवून घेतली आणि चार दिवस लॅबमधून लवकर येऊन त्यांची परीक्षा घेतली. पहिलं दिसायला देखणं, फोनवर चालणारं, पण एका वेळी एकच ठिकाण. शाळा बघायची तर बेकरी विसरायची. ते मी पहिल्याच दिवशी काढून टाकलं. दुसऱ्यात हवी तेवढी ठिकाणं घालता येत होती, शेजारी शेजारी तक्ते दिसत होते आणि ढगांचा अंदाजसुद्धा. बेकरीवाल्याचा जीव यावरच होता. तिसरं कुठल्या तरी एकांड्या माणसाने फावल्या वेळात लिहिलेलं, दिसायला अगदी भिकार, हिरवी अक्षरं आणि करडी चौकट, पण कोणतीही फाइल गिळणारं.

हा विषय बाबा असतानाही एकदा निघाला होता. डॉक्टरीणबाईंनी मला तो किस्सा सांगितला होता. बेकरीवाल्याने दुसऱ्या सॉफ्टवेअरची भरपूर तारीफ केली, आणि बाबा सगळं ऐकून घेऊन फटकन म्हणाले, "त्यात लिंटेल घालता येत नाही."

"लिंटेल?" बेकरीवाला म्हणाला. "दारावरची आडवी पट्टी? टेकडीवर कुठला आलाय दरवाजा?"

बाबा तेवढ्यावर उठून गेले. तेव्हापासून मंडळात तो विनोदच होऊन बसला होता. कोणी उगाच अडून बसलं की म्हणायचे, "याचं लिंटेल आलं मध्ये." मीसुद्धा हसले होते.

गुरुवारी मी बाबांच्या लॅपटॉपवरून ठिकाणांच्या फाइली काढायला बसले. पाच हव्या होत्या, सहा निघाल्या. सहाव्या ठिकाणाला नाव नव्हतं, नुसता आकडा. ते मंडळाच्या मेलमध्येही कधी आलं नव्हतं. पण प्रोग्राम रोज त्याचाही बेत करत होता आणि एका वेगळ्या फोल्डरमध्ये गुपचूप ठेवत होता. रोज एक फाइल, हजाराच्या वर फाइली. शेवटची त्याच दिवशी दुपारी चारची.

मी ती उघडली. 'ठिकाण ६. साधन: नुसते डोळे. ८.१० ते ९.४०.' आणि तिमिंगल समूहातल्या एका लाल ताऱ्याचं नाव. तो तारा वर्षातले थोडेच आठवडे नुसत्या डोळ्यांना दिसतो, बाकी वेळ नाहीसाच होतो. शेजारी शेरा होता, 'सध्या चांगला उजळ.'

मंडळातल्या प्रत्येकाकडे दुर्बीण आहे. नुसत्या डोळ्यांनी बघणारं कोण? बाबांनी कोणासाठी अडीच वर्षं रोज बेत आखला, आणि मेल्यावरही सात महिने आखत राहिले? पंखा घरघरत होता. मी उठून खोलीतला दिवा लावला, दिवसाउजेडी.

मग उरलेल्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये सहाही फाइली घातल्या. दुसऱ्याने पाच बरोबर दाखवल्या आणि सहावी वेड्यासारखी, एका बाजूला डोक्यापर्यंत उघडं आकाश आणि बाकी सगळीकडे काळं. मी मूळ फाइल उघडून आकडे वाचले. प्रत्येक दिशेला दोन आकडे होते. पहिला, कितीच्या खाली दिसत नाही. दुसरा, कितीच्या वर दिसत नाही. पाच ठिकाणी हा दुसरा आकडा सगळीकडे नव्वद, म्हणजे थेट डोक्यावर. त्याची कोणाला गरजच नव्हती, म्हणून ते दुसरं सॉफ्टवेअर तो वाचतही नव्हतं; तिसरं वाचत होतं. सहाव्या ठिकाणी मात्र तो होता सत्तेचाळीस.

डोक्यावर छप्पर असलेलं ठिकाण.

मी आलेखाचा कागद घेतला आणि बाबांनी लहानपणी शिकवलं होतं तसं काढत गेले. डावीकडे आग्नेयेच्या अलीकडे एक उभी रेघ, उजवीकडे दक्षिणेच्या अलीकडे एक उभी रेघ, वर सत्तेचाळीस अंशांवर आडवी रेघ. तेच ते लिंटेल. कागदावर खिडकी उमटली. बाबांनी एका खिडकीतून दिसणारं आकाश मोजलं होतं.

खालची कड सरळ नव्हती; इथे दहा अंशांवर न भागवता त्यांनी दर अंशाला आकडा दिला होता. समोरच्या गच्चीची रेघ, तिच्यावर डाव्या कोपऱ्यात एक फुगीर टाकी आणि टाकीला टेकलेली तिरकी शिडी. आकड्यांतून शिडी काढायला बाबाच हवेत. आणि ती टाकी मी ओळखली. अडीच वर्षं रोज सकाळी कामावर जाताना मी ती बघत होते. मी राहत होते त्या इमारतीच्या बरोबर समोर.

मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले. आईने तो बघितला, हात पुसले, आणि बाबांची कामाची पिशवी खुंटीवरून काढून माझ्यासमोर ठेवली. पिशवीत मोजणीची वही होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"ते मोजणीला जातात म्हणायचे. ऑफिस सुटल्यावर कसली मोजणी, ते मी विचारलं नाही."

"पत्ता तू दिलास?"

"शपथ घातली होतीस ना. बँकेचं पत्र आलं होतं घरी, तू पत्ता बदललास त्याचं. त्यात इमारत होती, तिसरा मजला होता. खोलीचा नंबर नव्हता." ती पदराने डोळे टिपायला लागली. "रविवारी ते मशीन बंद करणार आहेस ना? आधी मला सांग. मी तेवढा वेळ बाहेर जाईन."

वहीत बाबांचं बारीक, उभं अक्षर. रस्त्याची रुंदी, मजल्यांची उंची, समोरच्या गच्चीपर्यंतचं अंतर. ते कधी वर आलेच नव्हते. खाली फूटपाथवर यंत्र लावून त्यांनी खिडकी बाहेरून मोजली होती आणि आतून काय दिसेल ते गणिताने काढलं होतं. एका ओळीत होतं, 'खाट खिडकीपासून चार फूट धरली.' आणि त्याच्या वर, पहिल्याच पानावर, 'तिसरा मजला, तीन खिडक्या. ठकीची कोणती?' ठकी म्हणजे मी. मग खाली दुसऱ्या शाईत, 'डावीकडून दुसरी. हात केला.'

मी ते तीनदा वाचलं.

पुढे दर महिन्याला एक नोंद. तारीख, वेळ संध्याकाळी सहाच्या आसपास, आणि 'हात केला.' एका महिन्यात 'खिडकी बंद. तब्येत?' असं होतं. पुढच्या महिन्यात पुन्हा 'हात केला', आणि त्याच्याखाली रेघ मारलेली. शेवटची नोंद ते जाण्याच्या नऊ दिवस आधीची. 'हात केला. मीही.'

मी कधीच हात केला नव्हता. मला ते दिसलेच नव्हते. माझी खोली मागच्या अंगाला होती. तिच्या खिडकीतून चार हातांवर शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची आणि मलवाहिनीचा पाइप. त्या खिडकीतून आकाश म्हणून काही दिसायचंच नाही. सहा वाजता तर मी लॅबमध्ये असायचे.

आयुष्यभर ज्यांची मोजणी कोर्टातसुद्धा कोणी खोडली नाही, त्या माझ्या बाबांनी चुकीची खिडकी मोजली होती. रात्री मला झोप लागली नाही. रागावलेले गेले का, या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं आणि त्याहून वाईट प्रश्न येऊन बसला होता. त्या खिडकीतून माझ्या बापाला हात कोण करत होतं?

शनिवारी संध्याकाळी मी त्या इमारतीत गेले. तोच जिना, तिसऱ्या पायरीचा तोच उडालेला कोपरा. रस्त्याकडच्या मधल्या खोलीचं दार वाजवलं. अडीच वर्षं मी या दारासमोरून गेले होते आणि आतल्या बाईंना एकदाही नीट बघितलं नव्हतं. साठीच्या असतील. तोंडात टाचण्या, गळ्यात मोजपट्टी. खिडकीपाशी शिवणयंत्र. टाचण्या काढून त्या म्हणाल्या, "ब्लाउज असेल तर पंधरा दिवस नाही मिळायचा."

"शिवायचं नाहीये काही," मी म्हणाले. "खाली एक गृहस्थ यायचे का? यंत्र घेऊन, तीन पायांचं?"

"ते मोजणीवाले? यायचे की!" त्यांचा चेहरा उजळला. "या, बसा. तुम्ही त्यांच्या ऑफिसातल्या का? काय झालं हो त्या रस्त्याचं? रुंद होणार आहे का?"

मी खुर्चीच्या कडेवर बसले.

"पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझं तर धाबंच दणाणलं," त्या सांगू लागल्या. "सारखं आमच्या खिडकीवर यंत्र रोखलेलं. मला वाटलं, गेली आमची खोली रस्त्यात. म्हणून दिवा लावून खिडकी उघडली आणि असा हात केला, विचारायला, की काय हो, पाडताय की काय? एवढ्या वरून आवाज कुठला जातोय! ते यंत्र सोडून नुसते बघतच राहिले. मग त्यांनी टोपी काढली. आणि खाली बसले, तिथेच, फूटपाथवर. मी म्हटलं, चक्कर आली वाटतं."

"मग?"

"मग काय, महिन्यातून एकदा यायचे. यंत्र पण नसायचं नंतर. उभे राहायचे, वर बघायचे. मी हात करायचे. माणसाला बरं वाटतं हो, कोणीतरी ओळख ठेवली की. मी हात केला की लगेच वही काढून लिहायचे. मी सुनेला म्हणायचे, सरकारी माणूस आहे, हातसुद्धा मोजून घेतो." त्या मनापासून हसल्या. "पण बरेच महिने झाले, फिरकले नाहीत. बदली झाली का?"

मी काय सांगणार होते? की तुम्ही माझा हात केलात? मला त्यांचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच वेळी त्यांचा हेवाही वाटला. बाबांना मी दिला तो अडीच वर्षांचा अबोला. या बाईंनी घर जाईल या भीतीने हात वर केला आणि त्यांना जे हवं होतं ते देऊन टाकलं.

"हो," मी म्हणाले. "बदली झाली."

"अरेरे. निरोप द्या त्यांना. म्हणावं, शिवणवाल्या बाई विचारत होत्या."

उठताना मी खिडकीपाशी गेले. शिवणयंत्राच्या बाजूला खाट होती. मी नजरेनेच अंतर मोजलं. चार फूट. समोर गच्ची, टाकी, तिरकी शिडी, वर लिंटेल. सगळं अंशा-अंशाने जिथल्या तिथे.

खाली उतरले. वहीत यंत्राची जागा लिहिलेली होती, दिव्याच्या खांबापासून सव्वादोन मीटर. मोजायला काही जवळ नव्हतं, पावलं टाकली. आणि फूटपाथच्या फटीत तो दिसला, बाबांचा खिळा. मोजणीची जागा पुन्हा सापडावी म्हणून ते असा खिळा ठोकायचे आणि भोवती लाल रंगाचं वर्तुळ काढायचे. रंग निम्मा उडाला होता, पण डोकं गुळगुळीत होतं. वरून कोणाची तरी चप्पल बऱ्याचदा फिरली असावी.

तिथे उभी राहून मी रविवारचा निर्णय घेतला. तिसरं, ते भिकार दिसणारं. त्याला दुसरा आकडा कळतो. बेकरीवाला कुरकुर करेल, तर त्याला हा कागद दाखवीन. सहाही ठिकाणं त्यात घालायची, आणि चारचा मेल चालू ठेवायचा. आईला बाहेर जावं लागणार नाही.

तेवढ्यात वर दिवा लागला. तिसरा मजला, डावीकडून दुसरी. मी मान वर केली.

खिडकीत कोणीतरी येऊन उभं राहिलं. उजेड पाठीमागे होता. खालून चेहरा दिसत नाही, वय दिसत नाही, केस पांढरे की काळे तेही कळत नाही. दिसते ती फक्त एक बाई. मग तिने हात वर केला.

बाबांनी जे दिसलं तेच लिहिलं होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

ती मी नव्हते, बाबा. मी मागच्या खोलीत होते, भिंतीकडे तोंड करून. असं मी मोठ्याने म्हणाले की मनात, ते मला आठवत नाही. खिळ्यावर पाय ठेवून मी हात वर केला, आणि वरचा दिवा मालवेपर्यंत तो मला खाली घेता आला नाही.